लहान मुलांना रंग शिकवताना: हात आधी, नाव नंतर

दोन-अडीच वर्षांच्या मुलासमोर लाल चेंडू धरून ‘हा कोणता रंग?’ असे विचारले, तर ते बहुतेक वेळा ‘चेंडू’ असे उत्तर देते, नाहीतर त्या आठवड्यात घरात ज्या रंगाचे कौतुक झाले असेल त्याचे नाव ठोकून देते. पालक मग काळजीत पडतात, बाजारातून रंगांचा तक्ता आणून भिंतीवर लावतात आणि येताजाता मुलाला त्या तक्त्यासमोर उभे करतात. वास्तविक जन्मानंतर साधारण चार महिन्यांत बाळाची रंगदृष्टी बरीचशी तयार झालेली असते, त्यामुळे रंग दिसण्यात सहसा अडचण नसते. कठीण असते ते वेगळेच. चेंडू हातात घेता येतो, फेकता येतो, चाटताही येतो. ‘लाल’ मात्र सुटा हातात येत नाही. तो चेंडूत असतो, टोमॅटोत असतो आणि आजीच्या लुगड्याच्या काठातही असतो, आणि या तिन्हींमध्ये दुसरे काहीच सारखे नसते. वस्तूपासून रंग सोडवून घेण्याचे हे काम मुलाला स्वतःच करावे लागते, आणि त्यासाठी सारख्या व वेगळ्या वस्तू हाताळायला, ओतायला, मळायला आणि शेजारीशेजारी ठेवून पाहायला मिळाव्या लागतात. दीड ते पाच वर्षांच्या मुलांसाठी घरात किंवा बालवाडीत करता येतील असे काही खेळ येथे दिले आहेत. त्यांना लागणारे बहुतेक सामान स्वयंपाकघरात, शिंप्याच्या दुकानात आणि अंगणात मिळते.

क्रम का पाळावा

रंग शिकण्याच्या तीन पायऱ्या मानता येतात. प्रथम मूल रंगाशी रंग जुळवते, म्हणजे पिवळ्या वाटीत पिवळी वस्तू टाकते. त्यासाठी त्याला एकही नाव माहीत असण्याची गरज नसते. त्यानंतर ‘पिवळी दे’ म्हटल्यावर ते पिवळी वस्तू निवडून देते. सर्वांत शेवटी, विचारल्यावर ते स्वतः ‘पिवळी’ असे म्हणते. पहिल्या आणि तिसऱ्या पायरीत कित्येक महिन्यांचे अंतर असू शकते, आणि घरोघरी नेमकी तिसरी पायरीच मुलाला आधी चढायला लावली जाते.

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच डॉक्टर एदुआर सेगँ यांच्या कामावरून इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी नावे शिकवण्याचा तीन टप्प्यांचा पाठ बसवला: आधी मोठ्या माणसाने नाव सांगायचे, मग मुलाने नावावरून वस्तू दाखवायची आणि अखेरीस त्याने नाव उच्चारायचे. माँटेसरींच्या रंगपाट्यांची रचनाही याच बेताची आहे. पहिल्या पेटीत लाल, पिवळ्या आणि निळ्या रंगांच्या फक्त तीन जोड्या असतात, दुसरीत अकरा रंगांच्या जोड्या असतात आणि तिसरीत नऊ रंगांच्या प्रत्येकी सात छटा, गडदपासून फिक्यापर्यंत लावण्यासाठी. सगळ्या पाट्या आकाराने, वजनाने आणि स्पर्शाने अगदी सारख्या असतात. फरक असतो तो केवळ रंगाचा. माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे जे काम उभारले, त्यात महागड्या साधनांची जागा पाने, बिया, शिंपले, माती अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंनी घेतली. घरच्या घरी रंग शिकवताना या दोन्ही गोष्टी एकत्र धराव्यात: साधन फुकटात मिळणारे असावे, पण त्यात एका वेळी रंग सोडून बाकी काही बदलू नये.

बाजारातील बहुतेक ‘शैक्षणिक’ खेळणी हा दुसरा नियम मोडतात. लाल सफरचंद, पिवळे केळे आणि हिरवा पेरू असा संच आणला की मूल आकारावरून वस्तू ओळखते आणि रंगाकडे पाहण्याची त्याला गरजच उरत नाही.

शिंप्याकडची कापडे

ब्लाउजचे कापड विकणाऱ्या मॅचिंग सेंटरमध्ये टू बाय टू रुबियाचे तागे छटांप्रमाणे ओळीने रचलेले असतात. रंगपाट्यांना इतका स्वस्त आणि इतका नेमका पर्याय दुसरा मिळणे कठीण आहे, कारण सूत तेच, विण तीच, जाडी तीच आणि रंग मात्र शेकडो असतात. ओळखीच्या शिंप्याला सांगून ठेवले तर ब्लाउज बेतल्यावर उरलेल्या चिंध्या तो आनंदाने देतो. त्या धुऊन, इस्त्री करून, प्रत्येक रंगाचे सुमारे दहा सेंटिमीटर बाजूचे दोन-दोन चौकोन कापावेत. कडा नागमोडी कात्रीने कापल्या किंवा दुमडून शिवल्या तर धागे सुटत नाहीत आणि मुलाचे लक्ष धागा ओढण्याकडे जात नाही.

पहिल्या दिवशी फक्त लाल, पिवळा आणि निळा घ्यावा. हे तीन रंग एकमेकांपासून स्पष्ट वेगळे दिसतात. लाल आणि केशरी, किंवा निळा आणि जांभळा यांनी सुरुवात केल्यास मुलाची विनाकारण ओढाताण होते. सहा चौकोन फिक्या रंगाच्या सतरंजीवर किंवा पांढऱ्या चादरीवर पसरावेत. मोठ्या माणसाने एक लाल चौकोन उचलून, तो एकेका चौकोनाशेजारी धरून पाहत पाहत दुसऱ्या लालपाशी थांबावे आणि दोन्ही चौकोन एकमेकांवर ठेवून हात फिरवावा. हे करताना बोलू नये. बोलले की मूल तोंडाकडे पाहते, आणि त्याने या वेळी हाताकडे पाहायचे असते. मग चौकोन पुन्हा विस्कटून मुलाकडे द्यावेत. मुलाने चुकीची जोडी लावली तर ‘नाही, चूक’ असे म्हणण्याऐवजी शेवटी उरलेली जोडी पाहू द्यावी. लाल आणि निळा असे दोन न जुळणारे चौकोन समोर उरले की बहुतेक मुले स्वतःच थबकतात आणि मागे जाऊन चूक शोधतात.

तीन जोड्या सहज जमू लागल्यावर हिरवा, नारिंगी, जांभळा, गुलाबी, तपकिरी, काळा, पांढरा आणि करडा असे एकेक करून वाढवावेत. चार वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी एकाच रंगाच्या पाच-सात छटा आणून त्या गडदपासून फिक्यापर्यंत लावण्याचा खेळ करावा. मोरपंखी, आकाशी, पोपटी, शेवाळी, डाळिंबी, आमसुली, अबोली, विटकरी ही नावे दुकानदार दिवसभर उच्चारत असतो, आणि ती मुलाच्या कानावर पडण्याची खरी वेळ हीच आहे. दोन वर्षांच्या मुलाला ‘मोरपंखी’ सांगणे हौसेचे असले तरी उपयोगाचे नसते.

भाजीची पिशवी

‘अन्नाशी खेळू नये’ असे अनेक घरांत मानतात आणि तो विचार मान राखण्याजोगा आहे. अशा घरांसाठी सर्वांत सोयीचा खेळ म्हणजे मंडईतून आणलेली पिशवी मुलाने रिकामी करणे, कारण त्यात काहीही वाया जात नाही. परातीत सगळी भाजी ओतून हिरवी एका बाजूला, लाल दुसऱ्या बाजूला असे ढीग मुलाने लावावेत. काकडी, भेंडी, कोथिंबीर आणि ढोबळी मिरची यांचा आकार, वास आणि स्पर्श निरनिराळा असूनही त्या एकाच ढिगात जातात, हे त्याच्या हातांना कळते. एकदा तरी हिरवी, पिवळी आणि लाल अशा तिन्ही रंगांच्या ढोबळ्या मिरच्या आणाव्यात. त्या थोड्या महाग पडतात, परंतु आकार व स्पर्श तोच ठेवून फक्त रंग बदलणारी इतकी चांगली नैसर्गिक वस्तू दुसरी सापडत नाही. वांगीही अशीच उपयोगी पडतात. जांभळे आणि हिरवे वांगे शेजारी ठेवले की वस्तू एकच असून रंग दोन असू शकतात हे वेगळे समजवावे लागत नाही. तिखट मिरच्या मात्र आधीच बाजूला काढाव्यात, कारण ते हात थोड्या वेळाने डोळ्यांना लागणारच.

पिशवी रिकामी करताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. स्वयंपाकघरात लाल, पिवळा, हिरवा, पांढरा, तपकिरी असे सगळे रंग भरभरून असतात, पण निळा जवळजवळ नसतोच. निळ्यासाठी कापडाच्या चौकोनांकडे किंवा गोकर्णाच्या वेलाकडे जावे लागते.

उकडीचे रंगीत गोळे

मळण्यासाठी कणीक सर्वांना आधी सुचते, आणि पोळ्या लाटताना मुलाच्या हातात गोळी देण्याची रीत जुनीच आहे. कणकेचा स्वतःचा रंग मातकट असल्यामुळे तिच्यात घातलेले रंग मळकट दिसतात. मैदा त्याहून बरा, पण कच्चे पीठ मूल तोंडात घालते ही अडचण राहते, आणि विकतच्या मातीसारखी फार मीठ घातलेली घरगुती माती खाल्ली गेल्यास ते मीठ लहान मुलाला बाधू शकते. मोदकासाठी काढतात ती तांदळाच्या पिठीची उकड या सगळ्यांपेक्षा चांगली: ती पांढरीशुभ्र असते, शिजलेली असते, आणि कोमट असताना हाताला तिचा स्पर्श मुलांना विलक्षण आवडतो.

एक वाटी पाणी, एक छोटा चमचा तेल आणि चिमूटभर मीठ उकळावे, त्यात एक वाटी बारीक पिठी घालून ढवळावे, झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटे वाफ काढावी आणि कोमट झाल्यावर तेलाच्या हाताने मळावे. रंग हवा असल्यास साध्या पाण्याऐवजी रंगाचे पाणी घ्यायचे. पाव चमचा हळदीने पिवळी उकड होते. अर्धे बीट किसून, पाण्यात पिळून, गाळून घेतलेल्या पाण्याने गुलाबी होते. बिटाचा रंग फार उकळल्याने उतरतो, म्हणून त्यात लिंबाचे दोन थेंब टाकावेत आणि उकळी आल्याबरोबर पिठी घालावी. पालक वाटून गाळलेल्या पाण्याने हिरवी होते. गोकर्णाची आठ-दहा निळी फुले अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून ते पाणी वापरले तर फिकट निळी उकड मिळते. या पाण्यात मात्र लिंबू पडू देऊ नये, नाहीतर निळ्याचे जांभळे होते.

बिटाच्या गोळ्याला ‘लाल’ म्हणू नये. तो गुलाबी किंवा राणी रंगाचा असतो, आणि मूल त्याला लाल म्हणून शिकले तर टोमॅटोपाशी येऊन अडते. मोठ्यांना हे फरक किरकोळ वाटतात, परंतु लाल कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हीच तर मूल शोधत असलेली गोष्ट असते.

दोन वर्षांच्या मुलाला एका वेळी दोनच गोळे द्यावेत, एक पांढरा आणि एक रंगीत. दोन्ही दाबणे, लांबवणे, बोटाने भोके पाडणे चालू असताना मोठ्या माणसाने अधूनमधून ‘गोळा पिवळा आहे’ एवढेच म्हणावे. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला पिवळ्या व निळ्या उकडीचे समान गोळे देऊन ते एकत्र मळायला सांगावे. आधी दोन्ही रंगांचे पट्टे दिसतात, मग पट्टे बारीक होत जातात आणि पाच-सहा मिनिटांच्या कष्टानंतर पोपटी रंग उतरतो. पाण्यात रंग मिसळले की बदल क्षणात होऊन जातो. मळताना तो मुलाच्या मनगटातून, सावकाश घडतो, आणि म्हणून पहिल्यांदा रंगमिश्रण दाखवायचे ते मळूनच दाखवावे. उरलेली उकड त्याच दिवशी टाकून द्यावी, ती आंबते.

रंगीत तांदूळ आणि काही सक्त मनाया

तांदूळ रंगवणे सोपे आहे. एक वाटी जाड तांदळाला एक छोटा चमचा पांढरा व्हिनेगर आणि खाण्याच्या रंगाचे सात-आठ थेंब घालून, झाकणाच्या डब्यात मिनिटभर हलवावे आणि ताटात पसरून पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावे. रंगाच्या बाटलीवर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक पाहून घ्यावा. सुट्या पुडीतला रंग घेऊ नये. वाळलेले तांदूळ हवाबंद डब्यात कित्येक महिने राहतात. खेळताना जुनी चादर अंथरून, मध्ये परात ठेवून, वाट्या, पळी, गाळणे आणि नरसाळे द्यावे. दोन रंग वेगवेगळ्या वाट्यांत असतील तर मूल ते पहिल्या पाच मिनिटांत एकत्र करणारच, आणि ते करू द्यावे. पिवळे व निळे तांदूळ मिसळले तरी हिरवे होत नाहीत, दाणे वेगळेच दिसत राहतात, हा अनुभव उकडीच्या अनुभवाशेजारी ठेवण्यासारखा आहे.

या खेळात डाळी-कडधान्यांचा मोह अनेकांना होतो, कारण मसूर, मूग, राजमा, वाटाणे हे रंगाने आयतेच वेगळे असतात. तीन वर्षांखालील मुलांना ती देऊ नयेत. हरभरा, वाटाणा, चिंचोका किंवा मणी नाकात अथवा कानात घालून बसलेली मुले कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेहमीच येतात. कडधान्य ओलाव्याने आत फुगते आणि काढणे अवघड होते. घशात अडकण्याचा धोका तर याहून गंभीर आहे. तीन वर्षांच्या पुढेही मोठे माणूस परातीपासून उठून जाणार नसेल तरच कडधान्ये काढावीत. पाण्यात टाकल्यावर फुगणारे जेलीचे रंगीत मणी लहान मुले असलेल्या घरात आणूच नयेत. गिळल्यास ते आतड्यात फुगून अडकतात.

रांगोळीची बारीक पूड श्वासात आणि डोळ्यांत जाते, म्हणून बोटांनी खेळण्यासाठी ती योग्य नाही. बाजारातील कुंकू आणि गुलाल यांत काय मिसळले आहे याची खात्री नसते, तेव्हा तेही टाळावेत. चुन्याबद्दल विशेष सांगावेसे वाटते. हळदीत चुना घातला की लाल रंग येतो हे सर्वांना माहीत असते आणि तो प्रयोग मुलांना दाखवण्याची हौसही असते. परंतु चुन्याची पुडी दाबल्यावर उडालेला चुना डोळ्यात जाऊन मुलांच्या बुबुळाला कायमची इजा झाल्याची उदाहरणे आपल्याकडे वारंवार घडतात. तोच बदल अंगाच्या साबणाने तितकाच छान दाखवता येतो.

रंग बदलणारे पाणी

साडेतीन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी हा खेळ आहे. त्याआधी मुलांना रंग स्थिर आहे एवढेच नीट कळू द्यावे. जुन्या पांढऱ्या सुती कापडावर हळदीच्या पाण्याने मुलाने बोटाने काहीही काढावे आणि कापड वाळू द्यावे. मग साबणाच्या फेसात बुडवलेला कापूस त्याने त्या पिवळ्या रेघांवरून फिरवला की रेघा तांबूस लाल होतात, आणि वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळ्या होतात. हळद पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते, म्हणून प्रत्येक वेळी बोट बुडवण्याआधी वाटी ढवळायला सांगावे. ते ढवळणेही मुलांना खेळाइतकेच आवडते.

गोकर्णाचे निळे पाणी तीन काचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यांत घ्यावे आणि पांढऱ्या कागदावर ठेवावे, कारण स्टीलच्या भांड्यात रंग नीट दिसत नाही. एक पेला तसाच ठेवावा. दुसऱ्यात मुलाने ड्रॉपरने लिंबाचा रस थेंबाथेंबाने सोडावा, म्हणजे निळा जांभळ्याकडे आणि मग गुलाबीकडे सरकतो. तिसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यावर रंग हिरवटपणाकडे झुकतो. तसाच ठेवलेला पहिला पेला या खेळातला सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बदल झाला हे कळायला न बदललेले काहीतरी समोर असावे लागते. जास्वंदीची गंमतही अशीच आहे: लालभडक पाकळी कागदावर चोळली की जांभळट डाग उमटतो आणि त्यावर लिंबाचा थेंब पडला की तो गुलाबी-लाल होतो. हे सगळे पिण्याचे पदार्थ वाटावेत इतके सुंदर दिसतात, म्हणून साबण वापरायचा दिवस आणि सरबत करायचा दिवस वेगळा ठेवावा.

अंगणात आणि रस्त्यावर

फिरायला जाताना मुलाच्या हाताला रंगीत कापडाचा एक चौकोन बांधावा आणि त्या रंगाची वस्तू दिसली की चौकोन तिच्याशेजारी धरून पाहायला सांगावे. हिरव्याने सुरुवात केली तर पहिल्या दहा पावलांतच कळते की कोणतेही पान त्या चौकोनाशी तंतोतंत जुळत नाही. आंब्याची कोवळी पालवी तांबूस, मधली पोपटी आणि जुनी पाने गर्द हिरवी अशी एकाच फांदीवर मिळतात. खाली पडलेली पाने उचलून ओळीने लावली की छटांचा खेळ आपोआप होतो. फाल्गुनात पळस, वैशाखात बहावा आणि गुलमोहर, श्रावणात तेरडा, दसऱ्याला झेंडू असा ऋतूंचा आधार घेतला तर एकेका महिन्यात एकेक रंग ठळकपणे पुढे येतो. पळसाची वाळलेली फुले रात्रभर पाण्यात भिजवून उकळली की केशरी-पिवळे पाणी मिळते आणि त्याने रंगपंचमीही होते.

गुंजा मात्र कधीही मुलाच्या हातात देऊ नये. लाल अंगाचा आणि काळ्या टोकाचा तो दाणा रंगांच्या खेळासाठीच घडवल्यासारखा दिसतो, पण चावला गेला तर अत्यंत विषारी ठरतो. कण्हेर, धोतरा आणि एरंडाच्या बियाही अशाच वर्ज्य आहेत.

बालवाड्यांतून ‘लाल दिवस’, ‘पिवळा दिवस’ साजरे करण्याची पद्धत आता रुळली आहे. छायाचित्रे चांगली येतात, पण शिकण्याच्या दृष्टीने त्या दिवसाचा उपयोग बेताचाच होतो, कारण वर्गातले सगळेच लाल असेल तर लाल कशापासून वेगळा ओळखायचा हे मुलाला समजत नाही. पालकही आदल्या रात्री नवा शर्ट शोधत फिरतात. त्याऐवजी प्रत्येक मुलाने घरून कोणत्याही रंगाची एक छोटी वस्तू आणावी आणि वर्गाने जमिनीवर आखलेल्या चार-पाच वर्तुळांत सगळ्यांच्या वस्तू लावाव्यात. कोणती वस्तू कोणत्या वर्तुळात जावी यावरून मुलांत जो वाद होतो, त्यात बाईंनी लगेच निकाल देऊ नये. दोन रंगांच्या टोपीचे काय करायचे, हा प्रश्न मुले फार गंभीरपणे सोडवतात.

बोलायचे कसे

मानसशास्त्रज्ञ मायकेल रॅमस्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या दोन वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की वस्तूचे नाव आधी आणि रंग नंतर ऐकणारी मुले रंगांची नावे अधिक चांगली शिकली. आपल्याला हे अगदी सहज करता येते. ‘हा बघ हिरवा पेरू’ म्हणण्याऐवजी ‘पेरू हिरवा आहे’ असे म्हणावे. पेरू ऐकताच मूल पेरूकडे पाहते, आणि मग ‘हिरवा’ हा शब्द पेरूच्या कोणत्या तरी गुणाला चिकटायला मोकळा असतो. हिरवा, हिरवी, हिरवे ही रूपे मुले ऐकून ऐकून बिनचूक उचलतात, ती वेगळी शिकवू नयेत. मात्र आजी ‘तांबडा’, आई ‘लाल’ आणि शाळा ‘रेड’ असे म्हणत असेल, तर पहिले काही महिने घरात खेळताना सर्वांनी एकच शब्द वापरावा. जोड्या आणि निवड पक्की झाली की बाकीचे दोन शब्द दोन दिवसांत येतात.

एका बैठकीत नवे नाव एखादेच असावे, आणि ते नेहमी माहीत असलेल्या रंगाच्या शेजारी यावे. दहा-पंधरा मिनिटांत मूल उठून गेले तर खेळ संपला असे समजावे. काही मुलांना ओले-चिकट अजिबात सहन होत नाही. त्यांना जबरदस्ती न करता चमचा द्यावा, किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत दोन रंगांची खळ भरून तोंड पक्के चिकटवून द्यावे, म्हणजे हात न भरता बोटांनी रंग दाबता येतात. हळदीच्या डागांची चिंता करू नये. धुऊन कडक उन्हात वाळत घातले की ते फिकट होतात. बिटाचे डाग लगेच थंड पाण्यात धुवावेत.

तरीही जमत नसेल तर

तीन वर्षांच्या मुलाला रंगांची नावे येत नसतील तर त्यात काळजीसारखे काही नसते, आणि चौथ्या वर्षीही केशरी-लाल किंवा निळा-जांभळा यांत गल्लत होणे नेहमीचे आहे. लक्ष ठेवायचे ते जुळवणीवर. नावे चुकतात पण कापडांच्या जोड्या बिनचूक लागतात, असे असेल तर डोळे ठीक आहेत आणि शब्द यायला वेळ लागतो आहे, असे बहुधा मानता येते. याउलट चार वर्षांच्या पुढे, चांगल्या उजेडातही, मूल पुन्हा पुन्हा हिरव्याची जोडी तपकिरीशी किंवा जांभळ्याची निळ्याशी लावत असेल, पिकलेला आणि कच्चा टोमॅटो केवळ पाहून वेगळा करू शकत नसेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रंगदृष्टीची तपासणी करून घ्यावी. लाल-हिरव्यातील रंगांधता आनुवंशिक असते आणि मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये कितीतरी अधिक आढळते. आईच्या वडिलांना किंवा मामाला ती असेल तर शक्यता वाढते. इशिहारा तपासणीत ठिपक्यांमधले आकडे वाचायचे असतात, पण आकडे न येणाऱ्या मुलांसाठी बोटाने वाट गिरवण्याच्या पाट्याही असतात, त्यामुळे मूल वाचू लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

तपासणीत रंगांधता निघाली तर उकड, तांदूळ आणि भाजीची पिशवी हे खेळ बंद करू नयेत. त्यांत गडद-फिका, खरखरीत-गुळगुळीत आणि वास यांवर भर द्यावा, रंगखडूंच्या वेष्टनावर रंगाचे नाव ठळक लिहून द्यावे आणि बालवाडीतल्या बाईंना आधीच कळवावे, म्हणजे झाडाचे खोड हिरवे रंगवल्याबद्दल त्या मुलाला वर्गासमोर उभे केले जाणार नाही.